मोहोर, कल्टार आणि खंडाची मुदत

कोकणातील हापूसच्या उत्पन्नाची चर्चा दरवर्षी पौषात सुरू होते आणि ज्येष्ठात संपते. थंडी वेळेवर पडली का, मोहोर किती फुटला, तुडतुडा किती लागला, अवकाळी पावसात किती कणी गेली, हे तिचे ठरलेले विषय असतात, आणि शेवटची पेटी वाशीला रवाना झाली की बागेचा प्रश्न पुढच्या थंडीपर्यंत मागे पडतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत हापूसचे सरासरी उत्पादन हेक्टरी दोन ते तीन टनांच्या आसपास घुटमळत राहिले आहे; देशातील आंब्याच्या सरासरीच्या ते निम्म्यालाही पोहोचत नाही. या तुटीची कारणे सांगताना कातळावरची उथळ जमीन, हापूसचा वर्षाआड फळण्याचा स्वभाव आणि बिघडलेले हवामान यांचा उल्लेख होतो, व ती तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु एकाच गावात, एकाच कातळावर आणि एकाच हवेत शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन बागांच्या उत्पन्नात जो फरक पडतो, त्याचा उलगडा या कारणांनी होत नाही. तो मोहोराच्या आधीच्या काळात, म्हणजे झाडाने गेल्या दोन-तीन वर्षांत काय कमावले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले गेले यात, शोधावा लागतो. आणि तिथे शोधू लागले की शेतीशास्त्राचा प्रश्न हळूहळू बागेच्या कराराचा, म्हणजे खंडाच्या मुदतीचा प्रश्न होऊन बसतो.

आंब्याचे झाड वर्षभर सारखे वाढत नाही, ते टप्प्याटप्प्याने पालवते. तांबूस, लोंबती पालवी फुटते, काही आठवड्यांत ती हिरवी होते, पुढे जून होते, आणि मग फांदीच्या शेंड्यावरचा डोळा काही महिने नुसता थांबून राहतो. या डोळ्यातून पुन्हा पालवी निघणार की मोहोर, हे फांदीचे वय, तिच्यात साठलेले अन्न आणि झाडातील संजीवकांचे, म्हणजे अत्यल्प प्रमाणात राहून वाढीला वळण देणाऱ्या द्रव्यांचे, परस्पर प्रमाण यांवर अवलंबून असते. जिबरेलिन या संजीवकाचे प्रमाण जास्त असेल तर फांदी वाढीकडे झुकते. ते उतरले, फांदी चार-पाच महिन्यांची जून झाली आणि रात्रीचे तापमान खाली आले, म्हणजे डोळा मोहोराकडे वळतो. आश्विनात बागेत उभे राहून एखादी फांदी वाकवून पाहिली तरी यातले बरेचसे दिसते. ज्या फांदीची पाने गर्द हिरवी, जाडसर, दुमडली तर कटकन मोडणारी आहेत आणि शेंड्याचा डोळा फुगीर आहे, तिच्याकडून मोहोराची अपेक्षा धरता येते. जिची पाने अजून मऊ आहेत, तिच्याकडून त्या वर्षी काही मागण्यात अर्थ नसतो.

हापूसचा वर्षाआडपणा या चक्रातच आहे. ज्या फांदीने फळ पोसले, तिचे अन्न फळात जाते, आणि वाढत्या बीजात तयार होणारे जिबरेलिन शेजारच्या डोळ्यांना मोहोरापासून दूर ठेवते. वैशाखात काढणी उरकली की लगेच पाऊस येतो. अशा थकलेल्या फांदीला पावसाळ्याच्या आरंभी पालवी फुटत नाही, ती फुटते पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात. ही उशिराची पालवी पौषात कोवळीच असते आणि ते वर्ष वाया जाते. म्हणजे वर्षाआडपणा हा संपूर्ण झाडाला जडलेला अटळ दोष नाही, तो फांदीफांदीचा हिशेब आहे. आणि झाडावरच्या निम्म्या फांद्या यंदा व निम्म्या पुढच्या वर्षी फळतील अशी व्यवस्था, पोषण आणि छाटणी यांच्या आधाराने, बऱ्याच अंशी बसवता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस दहा वर्षांच्या व त्यापुढच्या कलमाला दरसाल ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व एक किलो पालाश अशी आहे, आणि ही खते पावसाच्या तोंडावर, झाडाच्या विस्ताराच्या कडेला चर काढून द्यायची असतात. काढणीनंतर लगेच दिलेली ही खते पुढच्या मोसमाची तयारी असतात तितकीच सरलेल्या मोसमाची परतफेडही असतात, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

मोहोराकडे वळल्यावर एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे मोहोराची घनता आणि फळांची संख्या यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही. एका तुऱ्यात हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक फुले असतात, पण त्यांपैकी बहुतेक नर असतात. स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असलेली, म्हणजे फळ धरू शकणारी संयुक्त फुले हापूसमध्ये फार थोडी असतात, आणि त्यांतूनही काढणीपर्यंत टिकते ते एखादे फळ. तुरा वाढत असताना थंडी कडक असेल तर संयुक्त फुलांचे प्रमाण आणखी घटते व परागकणही नीट रुजत नाहीत. त्यामुळे सर्वांत आधी आलेला, सर्वांच्या डोळ्यांत भरणारा मोहोर पुष्कळदा सर्वांत कमी फळतो. त्यात भर म्हणजे हापूस स्वतःच्या परागाने पुरेसे फळत नाही. एका मातृवृक्षापासून कलमे बांधत गेल्यामुळे हजारो झाडांची बाग परागाच्या दृष्टीने एकाच झाडाची बाग असते, आणि म्हणून बागेत १० ते १५ टक्के झाडे रत्ना, केशर किंवा गोवा मानकूर अशा अन्य जातींची असावीत असा सल्ला विद्यापीठ देत आले आहे. पूर्वी बांधावर, वाटेकडेला रायवळ आंबे असत व ते हे काम फुकट करीत. बागा आखीव झाल्या आणि रायवळ तोडले गेले, तेव्हा हे काम करणारे कोणी उरले नाही. आंब्याचे परागीभवन मधमाश्यांपेक्षाही साध्या माश्यांकडून अधिक होते. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारून त्या माश्यांचा निकाल लावायचा आणि मग फळधारणा झाली नाही म्हणून हवेला बोल लावायचा, हा प्रकार दर मोसमात घडतो.

तुडतुडा, भुरी व करपा यांच्यापासून मोहोर राखलाच पाहिजे, यात वाद नाही. तुडतुडा कोवळ्या मोहोराचा रस शोषतो, त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते, आणि एखाद्या आठवड्याच्या हलगर्जीने मोहोर करपल्यासारखा होतो. परंतु तुडतुडा पावसाळ्यात झाडाच्या सालीतील फटींत व दाट, अंधाऱ्या विस्तारात तग धरून असतो. ज्या झाडाच्या आत ऊन आणि वारा पोहोचतो तिथे तो तितका माजत नाही. फवारण्यांची संख्या वाढत जाते ती बहुधा अशाच बागांत, जिथे विस्ताराची विरळणी कित्येक वर्षांत झालेली नसते.

या सगळ्या पार्श्वभूमीवर कल्टारचा विचार केला पाहिजे. बागायतदार ज्याला या व्यापारी नावाने ओळखतात ते पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढनिरोधक असून झाडात जिबरेलिन तयार होण्याची प्रक्रिया ते रोखते; परिणामी पालवी आवरते, डोळे मोहोराकडे वळतात, मोहोर नियमित व काहीसा लवकर येतो. वापरण्याची रीत ठरलेली आहे. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्ताराचा सरासरी व्यास मोजायचा, दर मीटरला ३ मिलिलिटर या हिशेबाने औषध पाण्यात मिसळायचे, आणि बुंधा व विस्ताराची कडा यांच्या मधोमध गोलाकार २५ ते ३० लहान भोके पाडून त्यांत ते सारखे ओतायचे. झाड दहा वर्षांचे झालेले, निरोगी व सशक्त असावे, त्याला खताची पूर्ण मात्रा मिळालेली असावी आणि विस्तार वाढेल-घटेल तशी मात्रा बदलावी, या अटी याच शिफारशीचा भाग आहेत.

कल्टारवर होणारी टीका दोन टोकांची आहे. एका बाजूला त्याला विष ठरवून बागांच्या सर्व दुखण्यांचे खापर त्याच्यावर फोडले जाते, तर दुसऱ्या बाजूला त्याच्यावाचून हापूसची शेती परवडूच शकत नाही असे ठामपणे सांगितले जाते. दोन्ही म्हणण्यांत औषधाला नको तितके कर्तेपण दिलेले आहे. कल्टार झाडाला अन्न देत नाही; झाडाने साठवलेले अन्न पालवीकडे न जाता मोहोराकडे जावे एवढीच त्याची करामत. ज्या झाडाची साठवण भरलेली आहे त्याच्यावर तो वर्षाआडपणा कमी करतो आणि त्या झाडाची हानी होत नाही. ज्याची साठवण रिकामी आहे त्याला तो उधारीवर फळायला लावतो, आणि ही उधारी पुढे आखूड, गुच्छासारख्या फुटव्यांत, विरळ पानांत, वाळत जाणाऱ्या शेंड्यांत व भिरुडाने पोखरलेल्या खोडात दिसू लागते. शिवाय हे द्रव्य मातीत सावकाश विघटित होते, त्याचा अंश पुढच्या वर्षापर्यंत राहू शकतो, आणि दरवर्षी पूर्ण किंवा वाढीव मात्रा ओतत राहिल्यास मागचा साठा कोणी मोजत नाही. मात्रा वाढवण्याचा मोह जिथे होतो तिथे तो अज्ञानापोटीच होतो असे मानण्याचे कारण नाही, याकडे पुढे येऊ.

येथे एक गमतीची बाब नोंदवण्यासारखी आहे. मोहोर फार लवकर आला आणि त्याला कणी धरल्यावर थंडी लांबली, तर त्याच फांदीवर नव्याने मोहोर फुटतो; यालाच पुनर्मोहोर म्हणतात. अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळे गळून पडतात. यावर उपाय म्हणून जिबरेलिक आम्लाची, दहा लाख भागांत ५० भाग या प्रमाणात, फवारणी सुचवली जाते. म्हणजे श्रावणात जे संजीवक झाडात तयार होऊ नये म्हणून पैसे खर्च करायचे, तेच पौषात विकत आणून झाडावर मारायचे. शास्त्रीयदृष्ट्या यात विसंगती नाही, कारण दोन्ही वेळची गरज वेगळी आहे. परंतु बागेची व्यवस्था किती तातडीच्या दुरुस्त्यांवर येऊन ठेपली आहे, हे त्यातून कळते.

लवकर मोहोराची ओढ बाजारातून येते. फाल्गुनाच्या आरंभीच्या पेटीला जो भाव मिळतो तो वैशाखात उरत नाही, कारण तोवर कर्नाटकाचा आंबा येतो, मुंबईतील आवक फुगते, आणि पावसाची भीती विक्रेत्याला घाईला आणते. तेव्हा आगाप आंब्यासाठी जोखीम पत्करणे मूर्खपणाचे नसून हिशेबाचे आहे. अडचण अशी की हा हिशेब एका मोसमाचा आहे, आणि झाडाचा हिशेब किमान तीन-चार मोसमांचा असतो. या दोन हिशेबांची गाठ जिथे पडायला हवी ती जागा म्हणजे बागेचा मालक. पण कोकणात मालक आणि बाग कसणारा ही पुष्कळदा दोन वेगळी माणसे असतात.

मुंबईची चाकरी हे कोकणाच्या घराघरांचे वास्तव असल्याने मालक गावाबाहेर असतो, सातबारा सामाईक असून त्यावर भावकीची डझनभर नावे असतात, आणि बाग एका किंवा दोन मोसमांसाठी ठरावीक रकमेवर खंडाने दिली जाते. खंडकरी रक्कम आगाऊ मोजतो, राखणीला गडी ठेवतो, फवारण्या करतो, माकडांशी झगडतो आणि अवकाळीचा सगळा धोका अंगावर घेतो. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे, पण त्याच्या जागी कोणीही हेच करील. पुढच्या वर्षी बाग त्याच्याकडे असेल याची खात्री नसताना जूनमध्ये शेणखत कोणासाठी घालायचे? दाट झालेला विस्तार विरळ केला तर यंदाची फळफांदीच जाते, आणि तिचा लाभ मिळणार पुढच्या खंडकऱ्याला. बांडगूळ काढले काय, भिरुडाची भोके तारेने साफ करून बुजवली काय, त्याचे फळ त्याच्या मुदतीत येत नाही. उलट कल्टारची वाढीव मात्रा त्याच्या मुदतीत नक्की फळते, आणि तिची किंमत मुदतीनंतर वसूल होते. अशा करारात कल्टारच्या गैरवापराला विद्यापीठाच्या पत्रकांनी आळा बसेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

या प्रतिपादनावर सर्वांत सबळ आक्षेप हवामानाचा असू शकतो. थंडी अनियमित झाली, डिसेंबरात ढगाळ हवा राहू लागली, मार्चमध्ये उष्णतेच्या लाटा येऊन फळे भाजून गळू लागली, तर खंडाची मुदत बदलून काय साधणार, असे विचारले जाईल. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. तथापि हवामान जितके बेभरवशाचे होईल तितकी झाडाची साठवण अधिक मोलाची ठरते. पाने सशक्त असलेले, बुंध्याभोवती गवताचे आच्छादन असलेले आणि कणी धरल्यानंतर दर पंधरा दिवसांनी दीड-दोनशे लिटर पाणी मिळणारे झाड उष्णतेची लाट जितकी सोसते, तितकी कातळावर कोरडे उभे असलेले, तीन वर्षे सलग पिळून काढलेले झाड सोसत नाही. हवामानाचा आघात सर्वांवर सारखा होतो, नुकसान मात्र सारखे होत नाही.

बागांचे वय हा याच प्रश्नाचा दुसरा पदर आहे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातील वरकस व कातळाच्या जमिनींवर मोठ्या प्रमाणात कलमे उभी राहिली. दहा-दहा मीटरवर लावलेली ही झाडे आता तिशी ओलांडून गेली आहेत; जुन्या बागा तर त्याहून कितीतरी वयस्क आहेत. त्यांच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या आहेत, सूर्यप्रकाश केवळ वरच्या कवचावर पडतो, आणि पाने, मोहोर व फळे त्या कवचापुरतीच उरतात. आतला सारा विस्तार म्हणजे अन्न न कमावणारे आणि तरीही पोसावे लागणारे लाकूड होय. चाळीस फूट उंचीवरचे फळ झेल्याने सुखरूप उतरवणे कठीण, तिथवर फवारा पोहोचवणे महाग, आणि गडी मिळणे दुर्मिळ. अशा बागांचे पुनरुज्जीवन करता येते: पावसाळा संपल्यावर ठरावीक उंचीवर मोठ्या फांद्या कापायच्या, कापलेल्या तोंडांना बोर्डो मलम लावायचे, भिरुडाविरुद्ध खोडाचे संरक्षण करायचे, आणि धुमाऱ्यांतून जोमदार व चहूकडे पसरलेले थोडेच ठेवून बाकीचे काढून टाकायचे. दोन वर्षे अशा झाडाकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. तिसऱ्या वर्षापासून ते पुन्हा फळू लागते, आणि फळ हाताशी येते. तंत्र सिद्ध आहे, पण ही दोन वर्षे कोणाच्या खात्यावर टाकायची याचे उत्तर एकसाली खंडात नाही, आणि सामाईक सातबाऱ्यावर करवत चालवायला सर्व नावांची संमती मिळणे हीदेखील सहज घडणारी गोष्ट नाही.

जाती बदलून हा पेच सुटेल अशी एक आशा होती. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेली रत्ना १९८१ साली आणि पातळ कोयीची सिंधू १९९२ साली प्रसारित झाली. रत्ना तर दरवर्षी फळते आणि तिच्या गरात साका हा दोष नसतो. परंतु बाजार हापूस हे नाव विकत घेतो, आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर ते नाव अधिकच पक्के झाले. बागेत परागदाता म्हणून रत्नाला जागा आहे. हापूसच्या जागी तिला बसवणे नजीकच्या काळात होणारे नाही.

उत्पन्न मोजताना झाडावर लागलेली फळे मोजून भागत नाही, विकता आलेली मोजावी लागतात, आणि इथे साक्याचा विषय येतो. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या आत, कोयीलगत, गर पांढरट, आंबूस व स्पंजासारखा होतो, आणि फळ कापेपर्यंत तो कळत नाही. पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवलेल्या फळात तो अधिक, आणि चौदा आणे तयार झाल्यावर देठासह उतरवलेल्या फळात कमी आढळतो. काढलेली फळे उन्हात तापलेल्या कातळावर पसरण्याऐवजी ताबडतोब सावलीत नेल्यानेही तो कमी राहतो. फळ अंड्याएवढे असताना त्याला कागदी पिशवी घातली तर फळमाशी, डाग व गळ तिन्ही घटतात. फळमाशीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत काय असते हे २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली तेव्हा दिसले. ती बंदी पुढच्या वर्षाच्या आरंभी उठली. पिशवी घालणे, झेला वापरणे, देठ राखणे ही सगळी कामे एकाच मोसमात फळ देणारी आहेत, आणि म्हणूनच ती खंडकरी आनंदाने स्वीकारतात. नवे तंत्र त्यांना नको असते हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

तेव्हा सुधारणेची सुरुवात करारापासून व्हायला हवी. खंड पाच ते सात वर्षांचा असावा, त्यात बागेचे तीन भाग पाडून दर दोन वर्षांनी एका भागाचे पुनरुज्जीवन करण्याचे कलम असावे, कापलेल्या भागापुरती रक्कम मालकाने सोडावी, आणि कोणत्या झाडाला कोणत्या साली किती मिलिलिटर कल्टार दिले याची वही बागेबरोबर पुढच्या माणसाच्या हाती जावी. मालकांना दीर्घ मुदतीची धास्ती वाटते ती कूळकायद्याच्या आठवणीने. जमिनीचा ताबा न देता केवळ झाडांच्या फळांचा करार करून, आणि त्याचा लेखी दस्त ठेवून, ती पुष्कळशी दूर करता येईल. याहूनही सोपी, आजच्या एकसाली खंडातही करता येण्याजोगी एक दुरुस्ती आहे. आज खंड काढणीबरोबर, मे अखेरीस संपतो, आणि सरलेल्या पिकाची परतफेड करणारे खत जूनमध्ये द्यायचे असते, म्हणजे ज्याने फळ नेले तो तोवर निघून गेलेला असतो आणि जो येणार आहे तो अजून आलेला नसतो. खंडाची अखेर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यावर नेली, खत-शेणखताची मात्रा झाडागणिक लिहून ठेवली, आणि रकमेचा काही भाग अनामत म्हणून राखून चर भरून झालेले पाहिल्यावरच तो परत केला, तर कल्टारची वेळ येण्याआधी प्रत्येक कलमाच्या मुळाशी त्याचे देणे पोहोचलेले असेल.